दादाच्या पायाला आईची पट्टी

३ जून

धाकटे,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. तीन वर्षांनी पत्र लिहितोय आणि पहिल्याच ओळीत खाडाखोड. फोन करणार होतो, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर पुढे बोलायला जागाच उरायची नाही. कागद निदान फाडायच्या आधी वाचशील.

काम आहे म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करतो. दादाच्या पायाला जखम झालीय. मार्चमध्ये माझ्या दुकानात आला होता, मढवायला आलेल्या एका खुर्चीचा पाय त्याच्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लागला. नुसतं खरचटलं होतं. जून उजाडला तरी भरायचं नाव नाही. नाण्याएवढी गोल जखम आहे, काठ कातरून काढल्यासारखे. आईच्या पायाच्या जखमेतून पाणी गळायचं, चादरी भिजायच्या. ही कोरडी आहे, म्हणजे त्या मानाने बरीच म्हणायची. पण दुखते फार. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजतं, कारण साहेब दिवसभर पाय खाली सोडून बसतात. वर उशीवर ठेव म्हटलं की पाच मिनिटं ठेवतो आणि परत खाली. निवृत्त झाल्यापासून कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवूनच बसलाय. अडतीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून विजेचे मीटर वाचले, पण स्वतःच्या पायाकडे कुणी वाकून बघितलेलं त्याला चालत नाही.

आणखी एक गंमत. हल्ली रस्त्याने चालताना शंभरेक पावलं झाली की थांबतो आणि दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो. परवा बायकांच्या पर्सच्या दुकानासमोर चांगला पाच मिनिटं उभा होता. तुझी वहिनी म्हणाली, "दादांना म्हातारपणी खरेदीचा नाद लागलेला दिसतोय." सिगारेट मात्र चालूच आहे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलंय. मोठ्या दवाखान्यात जाऊन पायातल्या रक्ताची तपासणी करून घ्या म्हणाले, चिठ्ठीही दिली. दादा म्हणतो, "आता या वयात रक्त काढून देऊ कुठून?" मलाही घाई वाटत नाही. अकरा वर्षं घरात हाच आजार पाहिलाय, तपासून नवीन काय निघणार?

तर माझं काम एवढंच. आईला तू जी घट्ट पट्टी बांधायचीस, ती बोटांपासून सुरू करायची की घोट्यापासून? अर्धा वेढा आधीच्या वेढ्यावर यायचा, हे आठवतं. आणखी काही असेल तर लिही. बाकी काही लिहायचं नसेल तर नको लिहूस.

भाऊ

१९ जून

धाकटे,

माझं आधीचं पत्र मिळून दोन आठवडे झाले असतील. उत्तर नाही. ठीक आहे. माझ्यावर राग आहे हे समजू शकतो, पण दादाने तुझं काय घोडं मारलं होतं?

तुझी वाट न बघता मी बारा तारखेपासून सुरुवात केली. आणि सांगायला हरकत नाही, पट्टी तुझ्यापेक्षा चांगली बसलीय. रागावू नकोस, पण ताण देणं हा माझा रोजचा धंदा आहे. सोफ्याच्या बुडाचे पट्टे मी तीस वर्षं खेचतोय. एक पट्टा ढिला राहिला तर सहा महिन्यांत माणूस जमिनीला टेकतो. पट्टीवर एक सुरकुती दाखव आणि सांग. बोटंही आत घेतली आहेत. तू बाहेर ठेवायचीस का ते आठवत नाही, पण उघडी ठेवली तर कड नीट बसत नाही. आईची आठवड्याने सोडायचीस, म्हणून मीही आज आठवड्याने उकलून पुन्हा बांधली. सूज पार उतरली! पाऊल इतकं बारीक झालंय की दादा स्वतःच म्हणाला, हा माझा लहानपणचा पाय दिसतोय.

खाली गादीच्या दोन उशा घालून पाय वर ठेवतो. तो तिथेच ठेवावा म्हणून मला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. कारण हा बाबा रात्री उठतो, पट्टी सैल करतो आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून बसतो. का, तर म्हणे ठणका थांबतो. पहिल्या आठवड्यात चारदा सकाळी मला पट्टी जमिनीवर सापडली. शेवटी मी हात टेकले आणि आज उपाय केला. पट्टीचं टोक दुकानातल्या वाकड्या सुईने पाच टाके घालून शिवूनच टाकलं. सोफ्याचं कापड ज्या सुईने शिवतो तीच. दादा म्हणाला, "अरे, मी काय सोफा आहे का?" मी म्हटलं, "सोफा असतास तर एवढा त्रास दिला नसतास." दोघेही हसलो.

वहिनीचं मात्र वेगळंच. ती म्हणते, दादांचा तो पाय हाताला गार लागतो, दुसऱ्यापेक्षा गार. मी म्हटलं, पंख्याखाली बसतो, गारच लागणार. तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी माझं अडलेलं नाही.

भाऊ

३० जून

धाकटे,

तुझा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते. एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होतो. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू कशी आहेस एवढंही विचारू दिलं नाहीस. "भाऊ, पट्टी सोड. आत्ता घरी जा आणि सोड. मी फोन धरून ठेवते." मला वाटलं, हिला माझी पट्टी बघवत नाही. तरी तुझ्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून निघालो.

फोनवर मी फक्त "काळी आहेत" एवढंच म्हणालो आणि तू ठेवून दिलास. काय झालं ते लिहितो. टाके कात्रीने कापले. पट्टी उकलताना दादा म्हणाला, "सुटलो रे!" आणि मोठा श्वास सोडला. शेवटचा वेढा निघाला तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं. जांभळं नव्हे, काळं. टाचेवर एक डाग. पावलाच्या वरच्या कातडीवर पट्टीच्या विणीची जाळी उमटलेली, दाबून बघितलं तरी पांढरीच. आणि पाय गार होता. वहिनी दारात उभी होती, ती आत आली, त्या पायाला हात लावला आणि निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू फोनवर म्हणालीस की आईला पहिल्यांदा पट्टी बांधायच्या आधी नर्सने तिच्या दंडाला आणि मग घोट्याला रक्तदाबाचा पट्टा लावून मोजमाप घेतलं होतं, आणि ते जुळलं म्हणूनच बांधली. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी आईला दवाखान्यात मीच घेऊन आलो होतो, तू कामावरून थेट आलीस आणि तिच्याबरोबर आत गेलीस. मी बाहेर बसून तिथल्या बाकाचं रेक्झिन किती वाईट बसवलंय ते बघत होतो.

दोन्ही पत्रं तुला एकाच दिवशी कशी मिळाली, असं तू विचारलंस. टपालाचा घोळ असेल. पहिलं कुठेतरी अडकलं असेल.

उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात नेतोय.

भाऊ

४ जुलै

धाकटे,

टपालाचा घोळ नाही.

पहिलं पत्र तीन तारखेला लिहिलं, पाकिटात घातलं, तुझा पत्ता घातला आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. दुसरं त्याच्यावर ठेवलं. दुसऱ्यात, तू उत्तर दिलं नाहीस म्हणून तुला बोल लावला, तेव्हा पहिलं पत्र माझ्या कोपराजवळ पडलेलं होतं. एवढा मी निलाजरा आहे. वाटायचं, आज टाकू, उद्या टाकू. टाकलं म्हणजे मी तुझ्यापुढे मान तुकवली असं झालं असतं. आई गेली तेव्हा भरल्या घरात मी तुला म्हणालो होतो, "तू पाय बरा केलास आणि आई घालवलीस." नातेवाईक बघत होते. तू चहाचा ट्रे खाली ठेवलास आणि निघून गेलीस. आईचं हृदय थकलं होतं, त्यात तुझा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. असं बोललेल्या माणसाने तुला 'पट्टी कशी बांधायची' विचारायचं, तर तोंड कुठून आणायचं? म्हणून ड्रॉवर.

मग शेवटी टाकली का, तेही सांगतो, आता लपवून काय मिळणार? सव्वीस तारखेला पट्टी बदलताना करंगळी काळसर दिसली. मलमाचा डाग असेल म्हणून मी ओल्या फडक्याने पुसली. गेला नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली. पण त्याच्या आधी, धाकटे, मी तीच पट्टी तशीच पुन्हा बांधली होती, आणि शिवलीही होती. आदल्या वेळेपेक्षा घट्ट, कारण वाटलं की सैल पडली म्हणून असं झालं असावं.

इथे मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी पायाचं माप घेतलं, मग एक छोटं यंत्र लावून पावलातला रक्ताचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. आवाज आलाच नाही. नुसती खरखर. मला त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आईच्या पायात रक्त पोचत होतं, पण परत वर चढत नव्हतं, साचत होतं, म्हणून दाबून वर ढकलायचं. दादाच्या पायात वरून येणारी नळीच चोंदलीय, रक्त खाली पोचतच नाही. थेंब थेंब येत होतं. म्हणून तो पाय खाली सोडून बसायचा, म्हणजे जे काही आहे ते तरी खाली उतरेल. जखम दोघांची घोट्यालाच, पण एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

त्यांनी विचारलं, "चालताना पोटरी आवळायची का? थांबलं की बरं वाटायचं?" दादा म्हणाला, "हो, दोन वर्षं झाली. मग मी दुकानं बघत उभा राहायचो. लोकांना वाटू नये ना, की म्हाताऱ्याला चालवत नाही." वहिनीने माझ्याकडे बघितलं. पर्सच्या दुकानासमोर उभा होता म्हणून आम्ही घरभर हसलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "एवढी घट्ट पट्टी कुणी बांधली?" मी म्हटलं, "घरच्यांनी." त्यांनी लिहून घेतलं, 'घरच्यांनी'.

भाऊ

११ जुलै

धाकटे,

काल मांडीतून तार घालून नळी उघडायचा प्रयत्न केला. अडीच तास. जमलं नाही. पुढची नळी बारीक आहे, गुडघ्याखाली सगळीच बंद आहे म्हणाले. काळेपणा पावलाच्या मध्यापर्यंत आलाय. मी रोज सकाळी पेनने त्याच्या कडेला रेघ मारतो, म्हणजे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. दुसऱ्या दिवशी काळेपणा रेघेच्या पुढे असतो. कापडावर रेघ मारली की कात्री तिथे थांबते, ही सवय. इथे माझ्या रेघेला कुणी विचारत नाही.

गुडघ्याखालून काढायचा म्हणतात. मी विचारलं, चार आठवडे आधी आणला असता तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित बोटांवर निभावलं असतं. कदाचित नाही." मी त्यांच्या मागे मागे जिन्यापर्यंत गेलो. मला त्या 'हो' म्हणायला हव्या होत्या की 'नाही', तेही आता सांगता येत नाही. काहीही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

मी काय करू सांग. खुर्ची मोडली तर मी ती उकलतो, आत काय आहे ते बघतो, नवीन घालतो. इथे मी बाकावर बसतो, चहा आणतो, कागदावर सही करतो. काल नर्सने मला दादाचं पांघरूण नीट करायला सांगितलं तर मी ते हातात घेऊन नुसता उभा राहिलो. त्या पायाजवळ काहीही गुंडाळायचं म्हटलं की होतं असं. शेवटी तिनेच केलं.

दादा सगळ्यांशी गप्पा मारतो. शेजारच्या खाटेवरच्या बसचालकाला माझ्याबद्दल सांगत असतो. "आमच्या भाऊने माझ्यासाठी दुकान बंद ठेवलं. दर आठवड्याला स्वतः पट्टी बांधायचा. सख्खा मुलगा असता तरी त्याने केलं नसतं एवढं." मी बाहेर जाऊन उभा राहतो.

पट्टीने काय केलं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर 'नळी' आणि 'सिगारेट' एवढंच बोलतात. वहिनी म्हणते, "तुम्हीच सांगा, नाहीतर मी सांगेन." मग म्हणते, "नाही, मी नाही सांगणार. मला त्यांचं तोंड बघवणार नाही." तू त्याला रोज फोन करतेस, तो मला सांगतो. फोनवर तू मला म्हणालीस, "मी सांगणार नाही. तूच सांगायचंस. शस्त्रक्रियेच्या आधी." एवढं बोलून फोन ठेवलास.

सांगतो. मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. सोमवारी सांगतो.

भाऊ

१९ जुलै

धाकटे,

तू येतेयस हे वाचून वहिनी रडली. तुझी रजा मंजूर झाली, बरं झालं. गुरुवारी गाडी किती वाजता पोचते ते कळव, मी घ्यायला येईन. नको असेल तर वहिनी येईल.

शस्त्रक्रिया नीट झाली. गुडघा वाचला. त्याचा फार फरक पडतो म्हणतात, पुढे लाकडी पाय बसवताना. दादा दुसऱ्या दिवशीच उठून बसला आणि म्हणाला, "चला, एका चपलेत भागलं." बसचालक हसला. दादाही हसला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. नसलेल्या पायाची बोटं दुखतात असं सांगतो. तीच दोन.

येण्याच्या बातमीखाली तू आणखी एकच ओळ लिहिलीस, 'सांगितलंस का?' सरळ उत्तर देतो. नाही.

सोमवारी ठरवून गेलो होतो. वहिनीला घरी ठेवलं. खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "दादा, मला एक बोलायचंय." तो म्हणाला, "थांब. आधी मला बोलू दे. उद्या भूल दिल्यावर जागा झालो नाही तर राहून जाईल." मला वाटलं, घराचे कागद, बँक, असलं काही असेल. म्हटलं, बोल.

तो म्हणाला, "तू टाके घातलेस ना पट्टीला, ते मी रात्री कापायचो. दाढीच्या ब्लेडने."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"रोज नाही. ज्या रात्री अगदी जीव जायची वेळ यायची तेव्हाच. वरचे पाच-सहा वेढे सैल करायचो आणि तासभर पाय खाली सोडून बसायचो. फार बरं वाटायचं रे. मग परत गुंडाळायचो आणि तू उठायच्या आत टाके घालून ठेवायचो. तुझ्या डब्यातलीच एक वाकडी सुई घेतली होती. अंधारात बोटाला टोचायची." त्याने मला बोट दाखवलं. तिथे बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. "तू एवढ्या मायेने बांधायचास, आणि मी चोरासारखा सोडायचो. मी जरा सहन केलं असतं, तर पाय वाचला असता. तुझ्या मेहनतीवर मी पाणी ओतलं. हे मला मनात ठेवून आत जायचं नाही."

धाकटे, मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. कुणाचं असं न सांगता, सहज म्हणून विचारलं की असं रात्री तासभर सैल केलं तर काय होतं. त्या म्हणाल्या, "तेवढा तास त्या पायाला रक्त मिळालं असणार. नाहीतर गुडघाही गेला असता."

पण हे सोमवारी मला माहीत नव्हतं. की होतं? तो बोलत असतानाच मला कळत होतं. कागदावरचं ते चित्र माझ्या खिशात घडी घालून होतं. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर वाक्य तयार होतं, दोन दिवस घोकलेलं. 'दादा, पट्टीच चुकली, आणि ती मी बांधली.' एवढंच. तो माझ्याकडे बघत होता, लहान मूल रागवायची वाट बघतं तसा. सदुसष्ट वर्षांचा माणूस. म्हणाला, "रागावलास?"

मी म्हटलं, "नाही रे दादा."

"मग माफ केलंस?"

आणि मी म्हणालो, "हो. केलं माफ. आता मनाला लावून घेऊ नकोस."

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "तू मनाचा मोठा आहेस, भाऊ. धाकटी उगाच तुझ्यावर रागावते. येऊ दे तिला, मी समजावतो." मग माझा हात धरला, आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

भाऊ